घरचा काटा

माझ्या ताईच्या नवऱ्याला सगळी बाजारपेठ काटेवाले म्हणते. मी त्यांना भावोजी म्हणते, कारण नात्यानं ते भावोजीच आहेत. मनातून काय म्हणते ते लिहिण्यासारखं नाही. वजनकाटे दुरुस्त करायचं त्यांचं दुकान आहे. मी तिथंच गल्ल्यावर बसते, बिलं करते, फोन घेते, आणि वरच्या मजल्यावर त्यांच्याच घरातल्या मागच्या खोलीत राहते. लग्न केलं नाही. कुणी केलं नाही म्हणा हवं तर.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. दाराशी दुरुस्तीला आलेले काटे: खाटकाचा, भंगारवाल्याचा, पार्सलं तोलायचा, एखादा दवाखान्यातला बाळांचा. मधे टेबल, त्यावर दिवा. मागच्या भिंतीशी कडीची लोखंडी वजनं उतरत्या भाजणीनं मांडलेली, आणि काचेच्या कपाटात पितळी वजनांची पेटी. त्या पेटीतल्या वजनांना भावोजी नुसत्या हातानं शिवत नाहीत. मऊ फडकं घेतात. बोटांचा घाम लागला तर वजन बदलतं म्हणे. मी एकदा त्यातलं एक उचलून पाहिलं, तर मी कुणाच्या ताटात थुंकले असावे तसे माझ्याकडे बघत राहिले.

माणूस धंद्यात सोन्यासारखा. एका दुकानदारानं एकदा हळूच विचारलं, "काटा जरा आमच्या बाजूनं होईल का?" भावोजींनी त्याचा काटा उचलून बाहेर पायरीवर ठेवला आणि दार लावून घेतलं. आत येऊन मला म्हणाले, "मेहुणीबाई, काट्याला नातेवाईक नसतात." हे वाक्य त्यांनी पुढं इतक्यांदा ऐकवलं, की माझे कान किटले.

पण मत्सरी! समोरच्या कुलुपवाल्यावर तर त्यांचा भारी राग. का, तर त्याचं गिऱ्हाईक घाबरलेलं येतं आणि भाव न करता पैसे देऊन जातं. शेजारच्या चष्मेवाल्याचा राग, कारण त्याच्या दुकानात थंड हवेचं यंत्र आहे. दुसऱ्याच्या दुकानात गर्दी दिसली की यांच्या पोटात दुखलंच. फक्त एका माणसाच्या बाबतीत ते कधी जळले नाहीत, आणि ते माणूस म्हणजे माझी ताई.

ताई जलतरण तलावाच्या तिकीटखिडकीत बसते. दिवसभर अर्धी उघडी माणसं तिच्यासमोरून जातात, हसतात, गप्पा मारतात. भावोजींना त्याचं काहीच वाटत नसे. ताई जाड आहे. नुसती जाड नाही, चांगली भरभक्कम. खिडकीतल्या खुर्चीचे हात कापून टाकायला लागले होते. चेहरा मात्र असा, की तिकीट घेतल्यावरही लोक क्षणभर रेंगाळतात.

आणि मी? मी काडी. खाते राक्षसासारखी, पण अंगाला काही लागत नाही. लोक म्हणतात, नशीबवान आहेस. नशीबवान कशाची? ताईला वाकता येत नाही म्हणून भावोजी रोज सकाळी खाली बसून तिच्या बुटाच्या नाड्या बांधतात. गुडघ्यांना तेल चोळतात. तिचा चहा तिच्या हातात नेऊन देतात. रोज हे बघायचं आणि मग स्वतःच्या नाड्या स्वतः बांधून खाली दुकान उघडायचं. माझी चिडचिड होते. होते म्हणजे होते, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

ताईला साखरेचा आजार, गुडघे गेलेले. पण खरी भीती होती झोपेची. झोपेत तिचा श्वास मधेच थांबायचा. भावोजी तिच्या पाठीवर हात ठेवून झोपायचे. हाताखालची हालचाल थांबली की तिला हलवायचे. डॉक्टरांनी सांगितलं, वजन कमी करायचं ऑपरेशन करून घ्या, त्यानं श्वासाचाही त्रास बराच कमी होईल. आधी एक माहितीचा वर्ग असतो, त्याला घरच्या माणसांनाही घेऊन या. म्हणून आम्ही तिघं गेलो.

वर्ग घेणाऱ्या बाई आहारतज्ज्ञ होत्या. अंगानं किरकोळ, बोलायला स्पष्ट. पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी लांबट ठेवतात, म्हणाल्या, आणि कापलेलं परत जोडता येत नाही. म्हणून नीट विचार करा. नंतर काही आठवडे नुसतं पातळ, मग कुस्करलेलं, मग मऊ. जेवताना पाणी प्यायचं नाही, घास चावून चावून गिळायचा, घाई केली तर उलटी. जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर. काही महिने केस गळतात, बहुतेकांचे परत येतात. कातडी लोंबते, ती आपोआप आवळत नाही. रक्तस्राव, टाक्यातून गळती, पायात गाठ, असले धोके थोड्यांनाच होतात पण होतात. "आणि हे ऑपरेशन पोटाचं आहे, सवयींचं नाही. सवयी तुमच्या तुम्हालाच बदलायच्यात. नाही बदलल्या तर वजन परत चढतं."

ताई सगळं ऐकत होती. दोन-तीनदा तिनं मला कोपरानं ढोसलं, म्हणजे लक्षात ठेव. भावोजी खिडकीबाहेर बघत होते. शेवटी बाई म्हणाल्या, "घरातली नातीसुद्धा हलतात बरं का. माणूस बदलतं, त्याचा आत्मविश्वास वाढतो. काहींचे संसार सुधारतात, काहींचे मोडतात. जोडीदारांनी याचीही तयारी ठेवावी." तेव्हा भावोजींनी मान वळवली. एवढ्या दोन तासांत त्यांना तेवढंच ऐकू आलं.

त्यात पुढं आला तो मोटार शिकवणारा. ऑपरेशन करून घेतलेला माणूस, अनुभव सांगायला बोलावलेला. शर्ट खोचलेला, पट्ट्याला नवी भोकं पाडलेली. म्हणाला, "मी होतो त्याच्या निम्मा उरलोय." सगळे हसले. वर्ग संपल्यावर ताईनं त्याला गाठून बरंच काही विचारलं. त्यानंही हातचं न राखता सांगितलं, फोन नंबर दिला, आणि वर म्हणाला, "तुमचा चेहरा मुळातच छान आहे, वजन उतरल्यावर बघाच."

झालं. घरी येईपर्यंत भावोजींच्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्या दिवसापासून त्या माणसाचं आमच्या घरातलं नाव पडलं 'निम्मा'.

"निम्म्याचा फोन आला होता का?"

"आला होता. पाणी घोटघोट प्यायची सवय आत्तापासून लावा म्हणाला."

"पाणी प्यायला याची परवानगी लागते आता!"

ताई हसायची. तिला वाटायचं थट्टा चाललीय. मला मात्र दिसत होतं. जळणाऱ्या माणसाला जळणारं माणूस लांबून ओळखू येतं. भावोजी आरशासमोर जास्त वेळ उभे राहायला लागले. मिशी कमी केली, परत वाढवली. तलावावर दोनदा 'सहज' चक्कर मारून आले आणि तिथल्या जीवरक्षकाचे दंड केवढे आहेत ते मला सांगत बसले. मी म्हटलं, "भावोजी, दंड त्याचे आहेत, तुम्ही का उचलताय?" तर जेवले नाहीत.

ऑपरेशनच्या आधी ताईला पथ्यावर काही वजन उतरवायचं होतं. यकृताचा आकार कमी झाला की ऑपरेशन सोपं जातं, आणि माणूस पथ्य पाळेल की नाही तेही कळतं. दर आठवड्याला घरी वजन करायचं, बाईंना फोनवर कळवायचं, आणि शेवटी रुग्णालयात येऊन तारीख घ्यायची. घरात काटा नव्हता. न्हाव्याचे केस वाढलेले, तसं आमचं. भावोजींनी दुकानातून एक चांगला काटा वर आणून ठेवला.

पुढचं मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. माणसांना ताटकळत ठेवायला मला आवडत नाही. कुंपणानंच शेत खाल्लं. काट्याला नातेवाईक नसतात म्हणणाऱ्या या माणसानं स्वतःच्या बायकोचा काटा फिरवला. त्यात अवघड काही नसतं. काट्यावर वीस किलोचं लोखंडी वजन ठेवायचं आणि आतल्या बटणांनी त्याला शिकवायचं की हे वीस नाही, थोडं कमी आहे. काटा शिकवाल तसं शिकतो. मग त्यावर जे चढेल ते तो त्याच हिशोबानं हलकं दाखवतो. ताई कामावर गेली की भावोजी ते वजन वर नेत, आणि दर आठवड्याला काट्याला आणखी थोडं खोटं शिकवत.

मला त्या वजनाची कडी वाजल्याचा आवाज यायचा. मला वाटायचं, काटा बरोबर राहावा म्हणून किती ही काळजी! आणि त्याचाही मला हेवा वाटायचा, घ्या.

ताईचं वजन उतरायला लागलं. म्हणजे काट्यावर. ती काट्यावरून उतरून टाळ्या पिटायची. भावोजी म्हणायचे, "बघ, नुसत्या पथ्यानं होतंय. पोट कशाला कापून घ्यायचं? ते परत जोडतासुद्धा येत नाही." मग ती खूश होऊन एखादं बिस्किट खायची. मग दोन. वजन उतरतंयच म्हटल्यावर मन मोठं होतं. एक दिवस मी म्हटलं, "ताई, कपडे काही सैल दिसत नाहीत तुझे." तर म्हणाली, "आधी आतलं उतरतं, मग बाहेरचं. हे म्हणाले."

हे म्हणाले की संपलं. काट्याच्या बाबतीत 'हे' म्हणजे तिचं न्यायालय.

शेवटच्या तपासणीच्या आदल्या दिवशी तिनं जाहीर केलं, "मी उद्या जाऊन सांगून येते, नाही करायचं ऑपरेशन. माझं घरीच होतंय." भावोजींनी तिच्यासाठी फुलं आणली. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. माझ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट होती जी तिच्याकडे नव्हती, ती म्हणजे बारीक अंग. आता तेही तिला मिळणार, फुकटात, एक टाका न पडता, आणि नाड्या बांधणारा नवराही राहणारच. मला खरंच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं रुग्णालयात. खोली लहान, टेबल, तीन खुर्च्या, कोपऱ्यात जमिनीलगतचा रुंद काटा. ताई ऐटीत त्यावर चढली. बाईंनी आकडा पाहिला, कागद पाहिला, परत आकडा पाहिला.

"पहिल्यांदा आलात त्यापेक्षा थोडं वाढलंय," त्या म्हणाल्या.

"छे! उतरलंय. दर आठवड्याला कळवलंय की तुम्हाला."

"कळवलंत खरं." बाईंनी पेन खाली ठेवलं. आवाज मऊच होता. "हे बघा, असं बऱ्याच जणांचं होतं. लपूनछपून खाल्लं जातं, सांगायची लाज वाटते, मग आकडे जरा इकडचे तिकडे. मी रागावत नाही. पण आम्हाला खरं कळत नसेल तर तारीख देता येत नाही. ऑपरेशननंतर तुम्ही खरं सांगाल यावरच सगळं असतं. तुमच्या श्वासाकडे बघता लांबवू नये असं मला वाटतं, पण आता तुमची जागा पुढच्या माणसाला द्यावी लागेल."

ताईचा चेहरा लाल झाला. दोन बिस्किटं तिनं खाल्ली होती, तीही सगळ्यांसमोर. पण खोटं ती बोलली नव्हती. तिनं हात उचलून भावोजींकडे दाखवलं.

"आमचे हे काटे दुरुस्त करतात. सगळी बाजारपेठ यांच्याकडे येते. यांचा काटा चुकत नाही, बाई. चुकला असेल तर तुमचा. बघून घ्या एकदा."

मी भावोजींकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि मला एकदम सगळं कळलं. लोखंडी वजनाची ती कडी, सैल न झालेले कपडे, फुलं.

"मग त्यांनाच बघू द्या की," बाई म्हणाल्या.

आता विचार करा. हा काटा चुकीचा आहे एवढं म्हटलं, की ताई हसत घरी येणार होती आणि ऑपरेशनचं नाव निघणार नव्हतं. काटा बरोबर आहे एवढंच म्हणून गप्प बसले, तरी तारीख गेलीच होती, आणि वर ताई खोटारडी ठरणार होती. दोन्हीकडून त्यांना हवं तेच होत होतं.

भावोजी खाली बसले. काट्याचे पाय चाचपले, काटा सपाट बसलाय का ते दाखवणारा पाण्याचा बुडबुडा मधोमध आहे का पाहिलं. बरोबर वजनाचं काही खोलीत नव्हतं, म्हणून स्वतःच त्यावर उभे राहिले. दुकानातल्या काट्यावर ते रोज सकाळी उभे राहतात, त्यांना आपलं वजन पक्कं ठाऊक असतं. खाली आकडा आला. ते तो बघत राहिले आणि उतरलेच नाहीत.

"हा काटा बरोबर आहे," ते म्हणाले. "हिनं काही लपवलं नाही. घरचा काटा मी फिरवलाय."

ताईला आधी कळलंच नाही. "फिरवलाय म्हणजे?"

"कमी दाखवायला लावलं त्याला."

"का हो?"

भावोजी खाली मान घालून बोलत होते, काट्याशी बोलल्यासारखे. "तू बारीक झालीस की लोक बघणार. तो निम्मा आत्तापासूनच बघतो. तलावावर ते दंडवाले. तुला मग माझ्यात काय दिसणार? आहे काय माझ्यात?"

बाईंनी नजर कागदावर नेली. मी हातातल्या पिशवीचा बंद पिळत होते. मला वाटलं ताई रडेल, नाहीतर, ती फार मऊ आहे म्हणून, उठून त्यांना जवळ घेईल. तिनं तसलं काही केलं नाही.

"म्हणजे इतकी वर्षं माझ्याकडे कोणी ढुंकून बघणार नाही, म्हणून तुम्ही निर्धास्त होता?"

भावोजींनी वर पाहिलं.

"मला वाटायचं, तुमचा माझ्यावर विश्वास आहे," ताई म्हणाली.

मग ती बाईंकडे वळली आणि तिकीटखिडकीत बोलते त्या आवाजात म्हणाली, "मला करायचंय ऑपरेशन. पथ्य मी परत पहिल्यापासून करते. वजन दर आठवड्याला इथं येऊन करीन. तारीख द्या."

बाईंनी पुढची तारीख दिली. मग विचारलं, "सोबतीला घरचं माणूस कोण? ऑपरेशनच्या दिवशी आम्ही आत बोलावतो ते, आणि नंतर पथ्यपाणी बघणारं. एकच नाव."

भावोजी काट्यावरून उतरले.

"बहिणीचं लिहा," ताई म्हणाली.

घरी आल्यावर भावोजींनी काटा आमच्यासमोर उघडला, बरोबर केला, त्यावर वजन ठेवून दाखवलं. ताईनं पाहिलं आणि भाजी निवडायला बसली. त्या काट्यावर ती पुन्हा चढली नाही. भावोजी तिच्याबरोबर नुसतं सूप पिऊन राहायला लागले. आधीच किडकिडीत, त्यात गाल आत गेले. मी म्हटलं, "ऑपरेशन तिचं आहे, वाळताय तुम्ही." ते हसले नाहीत. नाड्या ते अजूनही बांधायचे. ताई पाय पुढं करायची, नाही असं नाही, पण बघायची दाराकडे.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही दोघं बाहेरच्या लांब बाकावर बसलो होतो. मधे तिची पिशवी आणि तिचे बूट. भावोजी बूट सारखे सरळ करून ठेवत होते. मला त्यांचा राग होता, अजून आहे. बायकोच्या श्वासावर हात ठेवून झोपणारा माणूस, त्याला तो श्वास थांबण्यापेक्षा कुणाचं बघणं मोठं वाटलं! आणि तरी तिथं बसल्याबसल्या माझ्या मनात काय यावं? की मी जाऊ नये म्हणून माझ्यासाठी आजवर कुणी साधं घड्याळसुद्धा मागं केलं नाही. असलं मन आहे माझं, त्याला मी तरी काय करू?

दार उघडलं. हिरव्या कपड्यातली परिचारिका बाहेर आली. "सगळं नीट झालंय, शुद्धीवर येताहेत. घरचं माणूस कोण?"

आम्ही दोघंही उठलो. मग भावोजी खाली बसले.

मी पिशवी उचलली. दाराशी जाऊन मागं पाहिलं, तर ते माझ्याकडे बघत होते. ती नजर मला कुणी समजावून सांगायला नको, मी ती त्यांच्याच घरात राहून वर्षानुवर्षं डोळ्यांत घेऊन हिंडले आहे. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझा हेवा करत होतं. मी आत गेले.